एक जुलैचे लोक

बाबूपेठ, चंद्रपूर
सोमवार, नऊ मे, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी

प्रिय देवरावभाऊ,

कांताचा सप्रेम जयभीम. मायले नमस्कार सांगजो, वहिनीले अन् लेकरायले आठवण.

तारीख अक्षरांत लिहिली, हासू नको. आकड्यायवरचा माह्या भरोसाच उडाला आहे. काऊन ते पुढं सांगते.

इथी ऊन असं की नळाचं पाणी सकाळीच चटके देते. मायचे घुडघे कसे आहेत? मोहाचं तेल लावून शेकत जा म्हणा. नागभीडकडं आंबे उतरले असतीन, इथी बाजारात आंब्याले हात लावाची सोय नाई. हे बरे आहेत.

खाणीच्या ऑफिसात मी दिवसभर 'मला, तुम्हाला' करत असते. तुले लिहाले बसली की 'मले, तुले'च येते, तं तसंच लिहून राह्यली.

भाऊ, तू गेटवर येऊन गेला हे मले चौकीदारानं सांगितलं. तू बाहेर उन्हात, मी आत कम्प्युटर मशीनच्या थंड्या खोलीत, अन् तू मले न भेटता गेला. 'बहिणीच्या मशीननं भावाले कापलं' असं म्हणून गेला म्हणे. चौकीदार हासत होता. मी तिथीच स्टुलावर बसली. लहानपणी तुह्या हातच्या थापडा खाल्ल्या, त्या एवढ्या लागल्या नव्हत्या.

आता रागात नको वाचू, डोकं ठिकाणावर ठेवून वाच. खाणीनं आपल्या गावची जमीन घेतली अन् घरामागं एक नोकरी कबूल केली. अट अशी की एक एप्रिलले तीस वर्षं पूर्ण झालेला माणूस नको. दाखल्यावर तुही जन्मतारीख एक जुलै अठ्ठावन्न. म्हणजे एप्रिलात तू एकोणतीसचाच होता. तरी यादीत तुह्या नावापुढं 'तीस पूर्ण, अपात्र' असं छापून आलं.

तू म्हणशीन, छापलं कोणं? तूनंच. हाव, यादी मी काढली. पण फॉर्मावरच्या तारखा मशीनमध्ये टाकल्या कंत्राटावरच्या दोन पोरीयनं, अन् चूक त्यायचीही नाई. आपण आधी दिवस लिहितो, मंग महिना. हे मशीन परदेशी सवयीचं. ते आधी महिना वाचते, मंग दिवस. मशीन बसवाले इंजिनियर आला होता, त्यानं साहेबाले इच्यारलं होतं की तारखेची पद्धत बदलायची का आहे तशीच ठेवायची. साहेबाले जेवाची घाई. म्हणाले, राहू द्या. तवापासून मशीनच्या डोक्यात तेच पक्कं बसलं. तुह्या फॉर्मावर १/७/५८ होतं, पोरीनं तसंच टाकलं, मशीननं वाचलं पहिला महिना, सात तारीख. सात जानेवारी! बसल्या जागी तू सहा महिन्यानं म्हातारा झाला.

ज्याची तारीख २३/४ असन त्याले मशीन तिथल्या तिथं अडवते. तेविसावा महिना कुठून आणायचा? मंग पोरी ते उलटं करून टाकत, अन् ते बरोबर बसे. फसले कोण, तं एक जुलैवाले. अन् एक जुलैवाले कोण, हे तुले काय सांगू. ज्यायच्या मायबापाले तारीख सांगता आली नाई, अन् गुरुजीनं शाळेच्या हिशोबानं एक जुलै ठोकून देल्ली, ते. तुही, माही, वारलूची, अर्ध्या गावाची एकच तारीख. माय तं अजूनही म्हणते, तू धान कापणीत झाला. म्हणजे मायच्या हिशोबानं तू त्याहूनही लहान.

तं आता एक कर. शाळेचा दाखला घे, असली, नक्कल नको. छोट्या गाडीनं चांदा फोर्ट टेशनले उतर अन् ऑफिसात हरकतीचा अर्ज दे. एकतीस मे शेवटची तारीख. एक जूनले निवडलेले लोक कामावर घेतील, अन् माणूस एकदा हजेरीवर लागला की मंग कोणाच्या बापाले काढता येत नाई. मी साहेबाले सांगूनच राह्यली, पण तू ये. माह्याशी बोलू नको वाटलं तं नको बोलू. दाखला मात्र घेऊन ये.

तुही बहीण,
कांता

*

चंद्रपूर
गुरुवार, एकोणीस मे

भाऊ,

तुह्या जवाब नाई. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाते, अन् तो शेजारच्याची मासिकं देऊन पुढं निंघून जाते. एवढा राग? दोन ओळी तं लिही. शिव्या लिही, चालन.

मी इथी काय करून बसली ते आयक. साहेबाले तीनदा सांगितलं की तारखा उलट्या वाचल्या गेल्या. ते फॉर्म पाहत, मशीनवरची तारीख पाहत. फॉर्मावर १/७, मशीनवरही १/७. म्हणत, बरोबर तं आहे! आता यायले कसं समजवावं की मशीन जशी उलटी वाचते तशीच उलटी दाखवते, म्हणून डोळ्याले सुलटी दिसते. वय मात्र ते आपल्या मनातल्या तारखेवरून काढते.

मंग मी म्हटलं, दाखवूनच देऊ. मशीनमध्ये एका ओळीत ती पद्धत लिहिलेली असते, इंग्रजी तीन अक्षरं. एम म्हणजे महिना, डी म्हणजे दिवस, वाय म्हणजे साल. मी पहिल्या दोनची अदलाबदल केली अन् साहेबाले बोलावलं. तुही तारीख आली ७/१/५८. वारलूची ७/१. साऱ्यायची उलटी. मी म्हटलं, पाहा साहेब, मशीनच्या पोटात हे आहे. मशीन तारीख ठेवत नाई, दिवसाचा आकडा ठेवते, एकदा चुकीचा आत गेला तं पद्धत बदलून तो सुधरत नाई. एकेक फॉर्म उघडून पुन्हा टाकावा लागते.

तेवढ्यात बापूजी आले, आमचे हेडक्लार्क. डोक्यालेच हात लावला त्यायनं. 'अवो साहेब, कालपर्यंत साऱ्या तारखा बरोबर होत्या! या बाईनं मशीन बिघडवून ठेवलं!'

भाऊ, मी हासू का रडू? साहेब म्हणाले, होतं तसं करा. केलं. तारखा पुन्हा छान सुलट्या दिसाले लागल्या, अन् तुह्यं वय चुकीचं ते चुकीचंच. साहेबानं मशीनचा माह्या पासवर्डही काढून घेतला. म्हणाले, यादी लागली ती लागली. ज्याले वगळलं त्यानं स्वतः असली दाखला घेऊन यावं, नाई तं निवडलेल्या माणसावर कोणाची हरकत असन तं पुराव्यासकट द्यावी. यातलं काही आलं तं फॉर्म उघडू. नाई तं मी उगाच डोक्यावरचे केस काऊन उपटून घेऊ, म्हणाले.

म्हणजे आता सारं तुह्यावर आलं. बाकीचे एक जुलैवाले कुठी शोधू? गाव उठलं तसे लोक पांगले. वारलू बांबू तोडाले एटापल्लीकडच्या जंगलात गेला आहे, दाखला त्याच्याच पिशवीत. त्याची माय सुकरी गेटवर येऊन बसते. साहेब म्हणते, माय नाई चालत, पोरगा पायजे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. पहिल्या पत्रात 'हे बरे आहेत' एवढंच लिहिलं, आठवते? त्याच्यापुढं हात चालला नव्हता.

यायनंही अर्ज केला होता, सासूबाईच्या नावच्या जमिनीवर. सासरे रेल्वेत गँगमन, म्हणून हे रेल्वेच्या दवाखान्यात झाले. यायची तारीख गुरुजीची नाई, पक्की आहे. बारा मार्च अठ्ठावन्न. एप्रिलच्या आधी तीस पूर्ण झाले. हे यायले मालूम होतं. 'टाकून पाहू, नाई तं नाई,' असं म्हणून टाकला होता. फॉर्मावर १२/३. मशीननं काय वाचलं असन, तूच वाच. तीन डिसेंबर. यायचं नाव यादीत आहे, भाऊ.

ज्या चुकीनं तू गेला त्याच चुकीनं हे आले.

अन् यायले वाटते मी केलं. यादी लागली त्या दिवशी पेढे घेऊन आले. मी म्हटलं, मी काहीच नाई केलं. तं हासले. 'हाव हाव, नाई केलं! तू काही बोलू नको, मले समजते. या हरिदाससाठी एवढं कोणी केलं नाई जन्मात.' माह्या डोक्यावरून हात फिरवला. तवापासून घरात आवाज चढला नाई. बाटली नाई. सकाळी माह्याआधी उठून चहा ठेवतात. मी कप हातात धरून बसते, चहा थंडा होते.

तू म्हणते मी कापलं, हे म्हणते मी बसवलं. मी यादी काढली, बस.

पहिलं पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं अन् तिथीच उभी राह्यली. मनात आलं, नाई पोचलं तं बरं होईन. हेही लिहून टाकते, तुह्यापासून काय लपवू. तरी म्हणते, ये. हात जोडून म्हणते.

कांता

*

मु. पो. नागभीड
ता. २३ मे

कांते,

जयभीम. तुही दोनी पत्रं भेटली. पयल्या पत्रावर मी निंघणारच होतो, दाखला पेटीतून काढून ठेवला होता. सासऱ्याच्या बांधावर काम होतं, ते आटपून येतो म्हटलं. मंग दुसरं आलं.

गेटवर बोललो ते मांगं घेतो. माह्या जिभेले हाड नाई, तुले मालूम आहे. मनात नको ठेवू.

मी येत नाई. गेल्या भीमजयंतीले तू आली होती, कानाखाली सुजलं होतं. मायले म्हणाली, दाढ दुखते. मायनं मानलं. मी नाई मानलं, पण तूनं सांगितलं नाई म्हणून इच्यारलं नाई. हरिदास घरी बसून राह्यला तं तुह्या घरात काय होते ते मले समजते. आता तो सुधारला म्हणते, तं सुधारू दे. तुही चूल इझवून मले खाण नाई पायजे.

मी इथी उपाशी नाई. धानाचं काम आहे, हात शाबूत आहेत. तू चूप राह्य. कोणाले काही दाखवत नको बसू.

माय बरी आहे. तेल लावते.

तुह्या भाऊ
देवराव

*

चंद्रपूर
शनिवार, अठ्ठावीस मे

भाऊ,

हे पत्र पोस्टात टाकलं तं वेळेवर पोचत नाई. अन्नपूर्णाबाई नर्स आज दुपारच्या गाडीनं नागभीडले जाऊन राह्यल्या, त्यायच्या हातात देते. त्या तुह्याच हातात देतीन.

तुह्या पत्रानं मी रडली. मंग मले असा राग आला की तू समोर असता तं तुह्या पाठीत धपाटा घातला असता. मोठा आला उपकार करणारा! तूनं तुही नोकरी सोडली, ठीक. वारलूची सोडाले तुले कोणं सांगितलं? तू आला असता तं फॉर्म उघडले असते अन् साऱ्या एक जुलैवाल्यायचं निंघालं असतं. तूनं माहं घर पाह्यलं, अन् बाकीच्या घरायले काड्या लावल्या.

अन् तुह्यं पत्र आधी मी नाई वाचलं. मी ऑफिसात होती. यायनं वाचलं.

मी घरी आली तं हे खाटेवर बसले होते, पत्र मांडीवर. मले वाटलं आता उठतील. मी दाराची कडी धरूनच उभी राह्यली. उठले नाई. म्हणाले, 'म्हणजे तूनं माह्यासाठी नाई केलं.' मी म्हटलं, मी तं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाले, 'मी दोस्तायले सांगितलं, माही बायको माह्यासाठी मशीनशी भांडली.' एवढंच.

मंग माह्या पायाशी बसले, भाऊ. पाय धरले. मारलं असतं तं मले सोपं गेलं असतं, त्याची सवय आहे. ही सवय नव्हती. म्हणाले, 'देवराव तं येत नाई म्हणते. मंग भांडण कायचं? एक तारखेपर्यंत चूप राह्य. मले एकदा गेटच्या आत जाऊ दे. लोकायच्या गाड्या धुतल्या, बायकोच्या पगारावर जेवलो, तिशी झाली. आता माणसासारखं डबा घेऊन जाऊ दे. दारूले हात नाई लावत, मायची शपथ.'

मी म्हटलं, वारलूचं काय? बाकीच्यायचं काय?

म्हणाले, 'वारलू आपला कोण?'

मी हो म्हटलं. चूप राहते म्हटलं. खरंच मनानं म्हटलं होतं, तुले खोटं नाई सांगत. ते खुश झाले, सदरा धुतला, इस्त्री करून आणला.

आज सकाळी गेटवर सुकरी. तिनं माह्या हात धरला. तिचा हात लाकडासारखा, सुटत नाई. म्हणाली, 'बाई, तू मशीनले सांग न. वारलू लहान आहे म्हणावं. माहं ते आयकत नाई, तुह्यं आयकते म्हणते सारे.'

मी तिले काय समजवणार? मशीनचं काय, भाऊ, साहेबच आयकत नव्हते. पण ती हात सोडेना. तिच्यामागं सारा गाव उभा आहे असं नाई वाटलं मले, तसं काही नाई. फक्त हे वाटलं की ही बाई उद्याही येईन, परवाही येईन, एक तारखेलेही येईन, अन् त्या दिवशी हे इस्त्रीचा सदरा घालून तिच्या बाजूनं आत जातीन, अन् मी ते खिडकीतून पाहीन.

मी तशीच घरी परत गेली. हे दुकानात गेले होते. पेटीतून रेल्वेच्या दवाखान्याचा यायच्या जन्माचा कागद काढला. तू नाई, वारलू नाई, मंग ज्याच्यावर पुराव्यासकट हरकत घेता येईन असा माह्यापाशी एकच माणूस होता. साहेबानंच सांगितलं होतं, निवडलेल्यावर कोणीही हरकत घेऊ शकते, पुरावा पायजे. मी अर्ज लिहिला. निवड झालेले उमेदवार हरिदास यांची जन्मतारीख बारा मार्च असून मशीनमध्ये तीन डिसेंबर धरली गेली आहे, सबब ते अपात्र आहेत. अर्जदार कांता, उमेदवाराची पत्नी.

साहेबानं अर्ज वाचला, माह्याकडं पाह्यलं, पुन्हा वाचला. बापूजीले यायचा फॉर्म आणाले लावला. फॉर्मावर १२/३, कागदावर अक्षरांत 'बारा मार्च', अन् यादीत वय एकोणतीस. साहेबानं बोटावर मोजलं. एकदा नाई जुळलं, दोनदा नाई जुळलं. मंग हळूच म्हणाले, 'म्हणजे बाकीच्यांचंही असंच?' मी म्हटलं, हो साहेब, तेच सांगत होते. आता सारे फॉर्म उघडून राह्यले. हुकूम निंघाला की ज्यायले वगळलं त्यायनं एकतीस तारखेच्या आत असली दाखला घेऊन स्वतः यावं, जो येणार नाई त्याची जागा दुसऱ्याले जाईन. सुकरीनं बांबूच्या ट्रकवाल्यापाशी वारलूले निरोप पाठवला. येईन का, कोणाले मालूम.

बापूजी जाता जाता थांबले. त्यायनं काही टोमणा नाई मारला. म्हणाले, 'बाई, घरी काय सांगाल?'

हे आत्ता कामावर घ्याच्या आधीची तपासणी असते, तिले दवाखान्यात गेले आहेत. इस्त्रीचा सदरा आजच घालून गेले. संध्याकाळी आनंदात येतील अन् मले सांगावं लागन. ऑफिसातल्या कोणी रस्त्यातच सांगितलं तं आनंदातही नाई येणार. मंग काय होईन मले मालूम नाई. पाय धरतीन का हात उचलतीन, दोन्हीची भीती वाटते. भाऊ, मले खूप भीती वाटून राह्यली.

तू न येऊन माहं घर वाचवणार होता. ते आता वाचत नाई, मी स्वतः मोडून आली. मंग तू आपल्या जिद्दीनं तिथी बसून राह्यला तं तुही जागा कोणी तिसराच घेईन, अन् हे मले जन्मभर इच्यारतीन, कोणासाठी केलं? मी काय सांगू?

उद्या पहाटेच्या गाडीत बस. दाखला सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेव. मायले काही सांगू नको, कामानं बोलावलं म्हण.

अन् उतरला की ऑफिसात नको जाऊ. ऑफिसची मुदत मंगळवारपर्यंत आहे. आधी माह्या घरी ये.

तुही,
कांता